तेलबियांच्या निर्यातीची खंडनिहाय तुलना: बी, तेल आणि पेंड यांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा: १९६१ पासून आजपर्यंत जगाच्या कोणत्या भागातून किती तेलबिया बाहेर गेल्या, हे फाओस्टॅटच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकडेसंग्रहाच्या, आकड्यांवरून मांडायचे आहे. सोयाबीन, भुईमूग, रेपसीड (मोहरीच्या कुळातले पीक), सूर्यफूल आणि तीळ ही पाच पिके घेतली आहेत. पण देशांची बेरीज जगाच्या अधिकृत बेरजेपेक्षा जास्त येते, १९९२ ला युरोपची रेघ अचानक मोडते, आणि सोयाबीनचा एवढा मोठा देश असूनही अर्जेंटिना आलेखात अगदीच किरकोळ दिसतो. चूक कुठे होते?

तिन्ही ठिकाणी वेगवेगळे कारण आहे. बेरजेची चूक अर्ध्या तासात निघेल, युरोपची एका दिवसात. अर्जेंटिनाचे आकडे मात्र बरोबरच आहेत. तिथे गोची प्रश्न विचारण्याच्या पद्धतीत आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो.

अर्जेंटिना लहान का दिसतो

सोयाबीन देशाबाहेर तीन रूपांत जाते: बी, तेल आणि पेंड. अर्जेंटिनात पाराना नदीच्या काठाने, रोसारिओच्या आसपास, मोठमोठे गाळप कारखाने एकाला लागून एक उभे आहेत. ट्रकने आलेले बी तिथेच गाळले जाते आणि कारखान्याच्या धक्क्यावरूनच तेल आणि पेंड जहाजात भरली जाते. यामागे कराची रचना आहे. २००७ च्या अखेरीपासून २०१५ पर्यंत तिथे सोयाबीनच्या बियांवर ३५ टक्के निर्यातकर होता, तेल-पेंडीवर ३२ टक्के. तीन टक्क्यांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण गाळपाच्या धंद्यात टनामागे हाती उरणारी रक्कमच मुळात बारीक असते. तिथे तीन टक्के म्हणजे कारखाना चालवायचा की बंद ठेवायचा, एवढे वजन असते.

ब्राझीलमध्ये उलटे घडले. तिथे बियांवर जास्त आणि तेल-पेंडीवर कमी असा राज्यांचा आयसीएमएस कर होता. सप्टेंबर १९९६ च्या कांदिर कायद्याने कच्च्या मालाच्या निर्यातीवरचा हा कर काढून टाकला. बी न गाळता तसेच जहाजात भरणे परवडू लागले, आणि पुढच्या काही वर्षांत चीनने स्वतःच्या किनाऱ्यावर गाळप कारखाने उभारून तेच बी मागायला सुरुवात केली. म्हणजे दोन शेजारी देश, एकच पीक, जवळजवळ एकच हंगाम. पण एकाची निर्यात 'बी' या रकान्यात दिसते आणि दुसऱ्याची 'पेंड' या रकान्यात.

तिसरे उदाहरण युक्रेनचे. सूर्यफुलाच्या बियांवर तिथे १९९९ मध्ये २३ टक्के निर्यातकर लावला गेला, २००१ मध्ये तो १७ टक्के झाला, आणि २००८ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश करताना दरवर्षी एकेक टक्का कमी करत १० टक्क्यांपर्यंत आणायचे ठरले. बी देशात अडले, गाळप वाढले आणि युक्रेन सूर्यफूल तेलाचा जगातला सर्वात मोठा निर्यातदार बनला. फक्त बियांचा आकडा पाहणारा माणूस या काळातल्या युक्रेनबद्दल 'निर्यात मंदावली' असा निष्कर्ष काढेल.

तेलताडाच्या बाबतीत तर बियांचा रकाना रिकामाच असतो. ताडाचा घड तोडल्यावर साधारण चोवीस तासांत गिरणीत गेला नाही तर तेलातली मुक्त मेदाम्ले वाढतात आणि तेलाची प्रत उतरते. त्यामुळे घड कधीच समुद्र ओलांडत नाही. इंडोनेशिया आणि मलेशियाची ताडाची निर्यात मुख्यतः तेलाच्या रूपात असते. केवळ 'तेलबिया' मोजल्या तर आग्नेय आशिया नकाशावरून नाहीसा होतो. तुमचा विषय पाच पिकांपुरताच ठेवायचा असेल तर ठेवा, पण शीर्षकात तसे स्पष्ट लिहा. 'जगाची तेलबिया निर्यात' असे लिहून ताड वगळणे मला योग्य वाटत नाही.

दोन वह्या घाला

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे तेल आणि पेंड उलट हिशेबाने बियांत बदलून सगळे एकत्र मिळवणे. हे करू नका. १०० किलो सोयाबीनमधून साधारण १८ ते १९ किलो तेल आणि ७८ ते ८० किलो पेंड निघते. तेलाच्या टनाला १८.५ टक्क्यांनी भागले की त्यामागचे बी मिळते, पेंडीच्या टनाला ७९ टक्क्यांनी भागले की पुन्हा तेच बी मिळते. दोन्ही मिळवले म्हणजे एकच पोते दोनदा मोजले. बऱ्याच अहवालांत इथेच पाणी मुरते.

त्याऐवजी दोन वेगळ्या वह्या ठेवा. तेलाच्या वहीत निर्यात झालेले तेल अधिक निर्यात झालेल्या बियांत असलेले तेल. पेंडीच्या वहीत निर्यात झालेली पेंड अधिक बियांतून निघू शकणारी पेंड. या दोन वह्यांची आपसात बेरीज करायची नाही.

समजा अ देश १०० लाख टन सोयाबीन बी निर्यात करतो आणि दुसरे काही नाही. ब देश २० लाख टन बी, ४५ लाख टन तेल आणि २०० लाख टन पेंड निर्यात करतो. नुसते बी मोजले तर अ पाचपट मोठा. तेलाच्या वहीत अ चे १८.५ लाख टन, ब चे ३.७ अधिक ४५ म्हणजे ४८.७ लाख टन. पेंडीच्या वहीत अ चे ७९ लाख टन, ब चे १५.८ अधिक २०० म्हणजे २१५.८ लाख टन. चित्र पुरते उलटले. तुमच्या आलेखात अर्जेंटिनाचे नेमके हेच झाले आहे.

उताऱ्याचे आकडे पिकानुसार घ्या. सोयाबीन तेल १८.५, पेंड ७९ टक्के. रेपसीड किंवा कॅनोला तेल ४२ ते ४४, पेंड ५६ ते ५८. सूर्यफूल तेल ४२ ते ४४. पेंडीचा उतारा साल किती काढले त्यावर ४० ते ५५ असा हलतो, म्हणून तिथे मधला एक आकडा धरून तो तळटिपेत लिहावा. भुईमुगाच्या दाण्यात तेल ४५ ते ४८ टक्के. एक आकडा निवडला की तो सर्व देशांना आणि सर्व वर्षांना तोच ठेवा. प्रत्येक देशाला वेगळा उतारा लावायचा मोह होतो, पण मग आलेखातला बदल व्यापाराचा की उताऱ्याचा हे सांगता येत नाही.

तीळ मात्र या वह्यांत घालू नका. जगाच्या बाजारात फिरणाऱ्या तिळाचा मोठा भाग बेकरी, ताहिनी (तिळाची चटणीसारखी पेस्ट), हलवा यांत थेट खाल्ला जातो, गाळायला जात नाही. त्यातले 'दडलेले तेल' मोजण्याला अर्थ नाही. भुईमुगाचेही बरेचसे तसेच. हाताने निवडलेला बोल्ड किंवा जावा दाणा खारवायला, भाजायला, पीनट बटरला जातो. या दोघांसाठी टन आणि किंमत असा वेगळा तक्ता करावा.

भुईमुगात आणखी एक मेख आहे. फाओस्टॅटमध्ये शेंगा (२४२) आणि दाणे (२४३) असे दोन वेगळे कोड आहेत. शंभर किलो शेंगांतून साधारण सत्तर किलो दाणे निघतात, म्हणून दाण्यांना ०.७० ने भागून सगळे शेंगांच्या मापात आणा, किंवा शेंगांना ०.७० ने गुणून दाण्यांच्या मापात. उत्पादनाचा आकडा शेंगांत असतो आणि निर्यात बहुतेक दाण्यांची, त्यामुळे 'उत्पादनाच्या किती टक्के निर्यात' हे गुणोत्तर रूपांतर न करता काढले तर ते हमखास कमी येते. अमेरिकी कृषी खात्याच्या पीएसडी आकड्यांत भुईमूग शेंगांच्या मापात धरलेला असतो, हेही लक्षात असू द्या.

बेरीज का फुगते

आता अर्ध्या तासाची चूक. फाओस्टॅटच्या संपूर्ण फाइलमध्ये देशांच्या ओळींबरोबर गटांच्याही ओळी असतात: जग ५०००, आफ्रिका ५१००, अमेरिका खंडे ५२००, आशिया ५३००, युरोप ५४००, ओशनिया ५५००, शिवाय उपखंड आणि युरोपीय संघ. सगळा रकाना बेरजेला घेतला की एकच टन तीन-चारदा मोजला जातो. म्हणून क्षेत्र कोड ५००० च्या खालच्याच ओळी ठेवा.

एवढे केल्यावरही बेरीज जराशी फुगलेली राहते, आणि इथे लोक थकून सोडून देतात. कारण आहे चीन. कोड ३५१ हा 'चीन' स्वतः एक बेरीज आहे: मुख्य भूमी ४१, हाँगकाँग ९६, मकाव १२८ आणि तैवान २१४. पण तिचा कोड ५००० च्या खाली असल्यामुळे वरच्या चाळणीतून ती निसटते. ३५१ हाताने काढून टाका. सोयाबीनचा निर्यातदार म्हणून चीन आता लहान आहे, म्हणून निर्यातीत ही चूक बारीक दिसते. हीच चाळणी आयातीला लावली तर सोयाबीनची जागतिक आयात दीडपटीहून जास्त फुगेल, कारण जगात आयात होणाऱ्या सोयाबीनचा साठ टक्क्यांच्या आसपासचा भाग एकट्या चीनचा आहे.

वापरायचे कोड असे: सोयाबीन २३६, सोयातेल २३७, सोयापेंड २३८, रेपसीड २७०, सूर्यफूल बी २६७, तीळ २८९, पामतेल २५७. निर्यातीचे टन म्हणजे घटक ५९१०, निर्यातीची किंमत म्हणजे ५९२२. किंमत हजार डॉलरमध्ये असते; ते तीन शून्य विसरल्याने बिघडलेले तक्ते छापूनही आलेले आहेत.

जोडणी नेहमी कोडवर करा, नावावर नाही. नावे बदलतात (तुर्कीचे, स्वाझीलंडचे बदललेच), आणि सीएसव्ही फाइल चुकीच्या अक्षरसंचात उघडली तर कोत दिव्वारसारख्या (आयव्हरी कोस्ट) नावांतली टोपीवाली अक्षरे मोडतात, मग ती ओळ कुठल्याच खंडाला जुळत नाही आणि गुपचूप गळते. एम४९ (संयुक्त राष्ट्रांचे देशांचे कोड) कोडच्या रकान्यात आकड्याआधी एक अवतरणचिन्ह असते आणि सुरुवातीची शून्ये असतात. एक्सेलने ती खाल्ली की '००४' चा '४' होतो. तो रकाना मजकूर म्हणूनच वाचायचा.

शेजारचा चिन्हाचा रकानाही वाचा. 'ए' म्हणजे देशाने दिलेला अधिकृत आकडा, 'ई' आणि 'आय' म्हणजे अंदाजाने भरलेला, 'एम' म्हणजे आकडा नाही. आकडा नसणे आणि शून्य निर्यात यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रिकाम्या जागी शून्य टाकले तर आफ्रिकेतल्या अनेक देशांची निर्यात एका वर्षी कोसळते आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहते, आणि कोणीतरी त्यावर दुष्काळाचे स्पष्टीकरणही लिहून मोकळे होते.

१९९२ ला युरोप का मोडतो

सोव्हिएत संघ (कोड २२८) १९९१ पर्यंत एकच ओळ आहे आणि ती पूर्ण युरोपात धरलेली आहे. १९९२ पासून रशिया, युक्रेन, बेलारूस, मोल्दोव्हा आणि बाल्टिक देश युरोपात राहतात, पण कझाकस्तान, उझबेकिस्तान आणि कॉकेशसचे देश आशियात जातात. शिवाय कालपर्यंत जो युक्रेनमधून रशियात जाणारा देशांतर्गत माल होता, तो एका रात्रीत 'निर्यात' झाला. म्हणजे रेघ एकाच वर्षी दोन कारणांनी हलते, आणि त्यांपैकी एकाचाही शेताशी संबंध नाही.

सर्वात स्वच्छ उपाय म्हणजे स्वतःचे प्रदेश आखणे. 'माजी सोव्हिएत प्रदेश' असा वेगळा गट करा आणि पंधराही देश १९९२ नंतर त्यातच ठेवा. उरलेला युरोप वेगळा. माजी युगोस्लाव्हियाला (२४८) हाच न्याय. बेल्जियम-लक्झेंबर्ग १९९९ पर्यंत एकत्र आहेत, पण दोघेही एकाच गटात असल्याने तिथे काही बिघडत नाही. इथिओपिया आणि इरिट्रिया यांचेही तसेच.

सुदानकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण तिळाचा आणि भुईमुगाचा तो मोठा देश आहे. २०११ पर्यंत 'माजी सुदान' (२०६), २०१२ पासून सुदान (२७६) आणि दक्षिण सुदान (२७७). संयुक्त राष्ट्रांच्या एम४९ वर्गवारीत सुदान उत्तर आफ्रिकेत आहे आणि दक्षिण सुदान पूर्व आफ्रिकेत. त्यामुळे 'सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिका' हा तयार गट उचलला की तिळाच्या तक्त्यातून सुदान बाहेर पडतो आणि सगळे श्रेय इथिओपिया, टांझानिया, नायजेरिया, बुर्किना फासो यांच्यात वाटले जाते. तिळापुरता तरी संपूर्ण आफ्रिका एक गट ठेवा.

रॉटरडॅम आणि शेजाऱ्यांचा आपसातला व्यापार

नेदरलँड्समध्ये सोयाबीन जवळजवळ पिकत नाही, तरी ते निर्यातदारांच्या यादीत दिसते. रॉटरडॅमला उतरलेला माल राईन नदीने पुढे जर्मनीला गेला की तो पुन्हा निर्यात म्हणून नोंदला जातो. फ्रान्सचे रेपसीड जर्मनीच्या आणि बेल्जियमच्या कारखान्यांत जाते तेही निर्यातच. त्यामुळे युरोपची ढोबळ निर्यात मोठी दिसते, पण तो बराचसा घरातल्या घरात फिरणारा माल आहे. दक्षिण अमेरिकेतही पाराग्वेचे सोयाबीन तराफ्यांवरून नदीमार्गे अर्जेंटिनात येते, तिथे गाळले जाते आणि अर्जेंटिनाची पेंड म्हणून जगात जाते.

यावर दोन मार्ग आहेत. देश-ते-देश व्यापाराचा तक्ता वापरून गटांतर्गत माल वजा करता येतो, पण फाओस्टॅटचा तो तक्ता १९८६ पासूनच आहे. १९६१ पासून जायचे असेल तर निव्वळ निर्यात काढा: प्रत्येक गटाची एकूण निर्यात वजा एकूण आयात. गटातल्या गटात फिरलेला माल दोन्ही बाजूंना असतो, म्हणून आपोआप कटतो. पुनर्निर्यातही कटते. खंडांची तुलना करताना हा एक आकडा मला ढोबळ निर्यातीपेक्षा कितीतरी जास्त भरवशाचा वाटतो. वजा आकडा आला तर घाबरू नका. तो गट निव्वळ आयातदार आहे एवढेच त्याचे म्हणणे.

कोणते वर्ष

फाओस्टॅट जानेवारी ते डिसेंबर मोजते. पीएसडी पणन वर्ष मोजते, आणि ते पीक व देशानुसार बदलते: अमेरिकेचे सोयाबीन वर्ष सप्टेंबर ते ऑगस्ट, कॅनडाचे कॅनोला ऑगस्ट ते जुलै, युरोपीय संघाचे रेपसीड जुलै ते जून. भारताची सरकारी निर्यात एप्रिल ते मार्च, तर खाद्यतेलाचे व्यापारी वर्ष नोव्हेंबर ते ऑक्टोबर. एका तक्त्यात दोन प्रकारची वर्षे मिसळायची नाहीत.

फरक किती पडतो हे २०१८ मध्ये नीट दिसते. ६ जुलै २०१८ ला चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क लावले. चिनी सीमाशुल्काच्या नोंदीत अमेरिकेहून आलेले सोयाबीन २०१७ च्या सुमारे ३.२९ कोटी टनांवरून २०१८ मध्ये १.६६ कोटी टनांवर आले, म्हणजे साधारण निम्मे. अमेरिकेच्या स्वतःच्या नोंदीत मात्र २०१८ मध्ये चीनला गेलेला माल सुमारे ८२ लाख टनच आहे. दोन्ही नोंदी खऱ्या. अमेरिकेत काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि जहाजे ऑक्टोबर ते जानेवारी या काळात सर्वात जास्त निघतात. २०१७ च्या शेवटी निघालेली जहाजे २०१८ च्या सुरुवातीला चीनमध्ये पोहोचली आणि तिथल्या २०१८ च्या खात्यात चढली. २०१८ च्या शेवटी जवळजवळ काही निघालेच नाही. निर्यातदाराचे पुस्तक आणि आयातदाराचे पुस्तक यांत एरवी थोडा फरक असतो, पण व्यापाराला असा झटका बसला की तो दुपटीवर जातो.

त्याच वर्षी आणखी एक गमतीची गोष्ट घडली, आणि ती प्रदेशांच्या तुलनेसाठी फार महत्त्वाची आहे. चीन ब्राझीलकडे वळल्यावर ब्राझीलचा भाव चढला, आणि स्वस्त झालेले अमेरिकी बी युरोपात गेले. दुष्काळाने पीक बुडालेल्या अर्जेंटिनाच्या कारखान्यांनीही ते विकत घेतले. दिशा बदलल्या, पण जगाची एकूण निर्यात त्या मानाने फारशी हलली नाही. म्हणून 'कुणाला विकले' आणि 'किती विकले' हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत.

एकेका वर्षाची तुलना टाळा. १९८८ आणि २०१२ ला अमेरिकेत दुष्काळ, २०१८ आणि २०२३ ला अर्जेंटिनात, २०२१ ला कॅनडात. यांपैकी एखादे वर्ष सुरुवातीचे किंवा शेवटचे म्हणून घेतले की वाढीचा दर हवा तसा येतो. तीन वर्षांची सरासरी घ्या: १९६१–६३, १९७१–७३ आणि पुढे तसेच.

टन की डॉलर

दोन्ही, पण डॉलर जपून. फाओस्टॅटचे डॉलर चालू किमतीचे आहेत. १९७३, २००८, २०१२ आणि २०२२ ला भाव भडकले होते, त्या वर्षी सगळ्यांचीच निर्यात 'वाढलेली' दिसते. सोपा मार्ग म्हणजे २०१४–१६ च्या सरासरी भावाने प्रत्येक वर्षाचे टन गुणणे. मग भावाचा चढउतार निघून जातो आणि पाच पिके एकाच मापात येतात. बरेचसे भाव जागतिक बँकेच्या पिंक शीट या भावपत्रकात मिळतात. सोयाबीन, सोयातेल, सोयापेंड, पामतेल यांच्या मालिका तिथे १९६० पासून आहेत.

हे माप आफ्रिकेसाठी न्यायाचे आहे. तीळ टनामागे सोयाबीनपेक्षा बराच महाग. टनांत मोजले तर आफ्रिका जवळजवळ दिसत नाही, किमतीत मोजले तर तिळाची निर्यात नीट ठळक होते.

प्रत्येक ओळीत किंमत भागिले टन करून टनाचा भाव काढून बघाच. २०२२ मध्ये सोयाबीन टनाला सहाशे डॉलरच्या आसपास असायला हवे. कुठे साठ किंवा सहा हजार दिसले तर तिथे टनांचा किंवा शून्यांचा घोळ आहे.

मग चित्र काय दिसते

१९६० च्या दशकात सोयाबीनची जागतिक निर्यात म्हणजे जवळजवळ अमेरिकाच, दहातले नऊ भाग. भुईमुगात आफ्रिका पुढे होती. नायजेरियातल्या कानो शहरात निर्यातीसाठी थांबलेल्या पोत्यांचे मनोरे रचलेले असत. १९७० च्या दशकात साहेलमधला (सहाराच्या दक्षिण कडेच्या पट्ट्यातला) दुष्काळ, १९७५ चा भुईमुगावरचा रोझेट विषाणू आणि खनिज तेलाच्या पैशामुळे शेतीकडे झालेले दुर्लक्ष, या तिन्हींनी ती निर्यात संपवली. तुमच्या आलेखात नायजेरियाची ही रेघ १९८० च्या आत जमिनीला टेकलेली दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर शेंगा-दाण्यांचे रूपांतर तपासा.

१९७२ मध्ये पेरूच्या किनाऱ्यावरची अँकोव्ही मासळी कोसळली, पशुखाद्यातली मासळीची भुकटी मिळेना, सोयापेंडीची मागणी भडकली, आणि २७ जून १९७३ ला अमेरिकेने सोयाबीन निर्यातीवर बंदी घातली. बंदी थोडेच दिवस टिकली, पण जपानने धडा घेतला आणि ब्राझीलच्या सेराडो पठारावरच्या शेतीत पैसा घातला. एम्ब्रापा ही ब्राझीलची संशोधन संस्था त्याच १९७३ सालची. आम्ल जमिनीत चुना घालून आणि उष्ण कटिबंधात येणारे वाण काढून तिथे सोयाबीन उभे राहिले. २०१२-१३ च्या सुमारास ब्राझीलने बियांच्या निर्यातीत अमेरिकेला मागे टाकले. २०२३ मध्ये ब्राझीलची निर्यात १० कोटी टनांच्या पुढे गेली, म्हणजे जगाच्या निम्म्याहून अधिक. यामागची ओढ चीनची: २००० मध्ये सुमारे १ कोटी टन आयात, २०२० मध्ये १० कोटी. हाच चीन विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांचुरियातून सोयाबीन निर्यात करत होता, पण १९६१ ला सुरू होणाऱ्या आलेखात तो अध्याय मावत नाही.

रेपसीडमध्ये १९७४ नंतर कॅनडा उठतो, कारण त्या वर्षी कमी एरुसिक आम्ल आणि कमी ग्लुकोसिनोलेट (तेल-पेंडीतली नकोशी द्रव्ये) असलेला पहिला वाण आला. कॅनोला हे नाव १९७८ चे. ऑस्ट्रेलियामुळे ओशनियाची रेघ १९९० च्या दशकानंतर वर येते. सीमाशुल्काच्या कोडमध्ये २००२ पासून १२०५१० (कमी एरुसिक) आणि १२०५९० असे दोन भाग झाले; कॉमट्रेडमधून (संयुक्त राष्ट्रांचा व्यापाराचा आकडेसंग्रह) आकडे घेत असाल तर दोन्ही मिळवा. तसेच २०१२ ला १२०२१० आणि १२०२२० हे भुईमुगाचे कोड जाऊन १२०२३०, १२०२४१ आणि १२०२४२ आले, सोयाबीनचा १२०१ हा १२०११० आणि १२०१९० असा फुटला. जुनाच कोड शोधत राहिलात तर २०१२ नंतर भुईमूग शून्य दिसतो.

भारताची ओळ या पाच बियांत लहान येते, आणि ती अर्धवट आहे. भारत सोयाबीन बी म्हणून फार विकत नाही, पेंड विकतो. एरंडीचे बी नाही, एरंडेल विकतो, आणि एरंडेलाच्या जागतिक व्यापाराचा बहुतांश भाग भारताचाच आहे. दुसरीकडे खाद्यतेलाची आयात वर्षाला दीड कोटी टनांहून अधिक. त्यामुळे तेलाच्या वहीत भारत मोठा निव्वळ आयातदार आणि पेंडीच्या वहीत बहुतेक वर्षे निव्वळ निर्यातदार दिसतो. लातूर-अकोल्याच्या बाजारात सोयाबीनचा भाव पेंडीच्या, म्हणजे व्यापाऱ्यांच्या भाषेत डीओसीच्या, मागणीकडे बघून ठरतो तो यामुळेच. ऑगस्ट २०२१ मध्ये १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करू दिली गेली तेव्हा ही पेंडीची वहीसुद्धा हलली. मोहरीचे एक लक्षात ठेवा: उत्पादनात भारताची मोहरी रेपसीडच्या कोडखाली धरलेली असते, व्यापारात मात्र मोहरीचा कोड वेगळा (२९२) आहे.

आपल्याकडच्या कारळ्याला, म्हणजे खुरासणीला, सहा अंकी कोडच नाही. ते १२०७९९ या 'इतर' खात्यात जाते. अमेरिकेत पक्ष्यांना घालायला भारत आणि इथिओपियातून ते जाते, अमरवेलीचे बी मरावे म्हणून उष्णता देऊन. त्याची मालिका हवी असेल तर आंतरराष्ट्रीय फाइल बंद करून भारताच्या आठ अंकी कोडकडे वळावे लागेल.

ताळा

सगळे झाले की तीन आकडे जुळवून बघा. २०१७ मध्ये सोयाबीन बियांची निर्यात अमेरिकेची सुमारे ५.५ कोटी टन, ब्राझीलची सुमारे ६.८ कोटी टन. कोणत्याही वर्षी जगाची एकूण निर्यात आणि एकूण आयात यांत थोड्या टक्क्यांहून जास्त अंतर नको. आणि सर्व गटांच्या निव्वळ निर्यातीची बेरीज शून्याच्या आसपास यायला हवी. अमेरिकी स्रोतांतला आकडा बुशेल या तिकडच्या धान्यमापात असेल तर सोयाबीनचा बुशेल २७.२१५५ किलोचा, म्हणजे टनात ३६.७४ बुशेल, कॅनोलाचा २२.६८ किलोचा. सोयापेंड तिकडे ९०७ किलोच्या लहान टनात सांगतात. बेरीज नऊ-दहा टक्क्यांनी चुकत असेल तर आधी हा लहान टन शोधा.